छोट्या ट्रॅक्टरची अवजारं: काय विकत घ्यायचं, काय घरी करायचं

तासगाव, पलूस, मिरज, कवठेमहांकाळ या पट्ट्यात द्राक्षबागेमुळे छोटा ट्रॅक्टर घरोघरी आला. कराड-वाळव्याकडे तो उसाच्या भरणीसाठी, म्हणजे बुडाला माती लावायला आला, कोरेगावकडे आल्याच्या बेडसाठी. ट्रॅक्टर दारात येतो, नारळ फुटतो आणि दुसऱ्या दिवसापासून प्रश्न सुरू होतो की याच्या मागे जोडायचं काय. शोरूमवाला रोटाव्हेटर गळ्यात मारतो. बाकी अवजारं शेजाऱ्यांची बघून बघून गोळा होतात आणि त्यातली निम्मी शेडच्या मागे गंजत पडतात.

पहिल्यांदाच १५ ते २५ एचपीचा ट्रॅक्टर घेतलेल्यांसाठी हे लिहितोय. माझा हिशेब सरळ आहे. पीटीओवर, म्हणजे ट्रॅक्टरच्या मागच्या फिरत्या दांड्यावर, गरगर फिरतं ते विकत घ्या. नुसतं ओढलं किंवा उचललं जातं ते आपल्या गावच्या वेल्डरकडून करून घ्या. याला एक अपवाद आहे, तो पुढे येईलच.

पहिली पायरी: टेप घेऊन ट्रॅक्टरच्या मागे बसा

अवजार बघायला जाण्याआधी ही मापं वहीत लिहा.

अवजार ट्रॅक्टरला खाली दोन आणि वर एक अशा तीन दांड्यांनी, म्हणजे लिंकांनी, जोडतात. त्यातल्या खालच्या दोन लिंकांच्या भोकांचा व्यास. जोडणीचं माप कॅटेगरीत सांगतात. कॅटेगरी १ असेल तर तिथं २२ मिमीची पिन बसते आणि वरच्या टॉप लिंकला १९ मिमीची. दोन्ही ठिकाणी १६ मिमीची पिन बसत असेल तर तुमची जोडणी कॅटेगरी शून्य आहे, तिला मोठ्या ट्रॅक्टरचं अवजार बसणार नाही. कॅटेगरी १ मध्ये अवजाराच्या खालच्या दोन पिनांमधलं अंतर साधारण २७ इंच असतं आणि खालच्या पिनेपासून वरच्या पिनेची उंची १८ इंच. पण अरुंद जोडणीचे ट्रॅक्टरही बाजारात आहेत, पिना त्याच आणि अंतर बरंच कमी. म्हणून पुस्तकातल्या आकड्यावर न जाता शोरूमकडून मिळालेल्या अवजाराचं माप घ्या आणि तेच पुढच्या प्रत्येक अवजाराला ठेवा. एकदा मोजून पुठ्ठ्याचा किंवा पत्र्याचा फर्मा कापून भिंतीला टांगून ठेवला की वेल्डर बदलला तरी माप बदलत नाही.

मग ट्रॅक्टरची बाहेरून बाहेरची रुंदी. टायर उलटे बसवून ती कमी-जास्त करता येते, ते मॅन्युअलमध्ये बघा. त्याच्याशेजारी आपल्या ओळींचं अंतर लिहा. द्राक्षाच्या ओळी ८, ९ किंवा १० फुटांवर, उसाची सरी साडेचार किंवा पाच फुटांची. उसात ट्रॅक्टर दोन ओळींच्या मध्ये चालायचा, तेव्हा साडेतीन फुटांच्या वर रुंदी गेली की पाला मोडलाच म्हणून समजा.

तिसरं, लिफ्टची ताकद. छोट्या ट्रॅक्टरवर बहुतेक सातशे-साडेसातशे किलोच्या आसपास आकडा लिहिलेला असतो. तो लिंकांच्या टोकाशी मोजलेला असतो. तुमच्या अवजाराचं वजन पिनेपासून दोन फूट मागे असेल तर लिफ्ट तेवढं उचलणार नाही, आणि तिनं उचललं तरी पुढची चाकं हवेत जातील. म्हणून घरी केलेलं अवजार जितकं पिनेला चिकटून तितकं चांगलं. लांबलचक अवजार दिसायला भारदस्त दिसतं, बांधावर वळवताना रडवतं.

दुसरी पायरी: विकतचं आणि घरचं वेगळं करा

रोटाव्हेटर, द्राक्षाचा ब्लोअर, मल्चर, खड्डे पाडायचा ऑगर, ही सगळी फिरणारी मंडळी. यांच्यात गिअरबॉक्स असतो, फिरणाऱ्या भागांचा तोल साधलेला असतो, सुरक्षेची कव्हरं असतात. पीटीओ मिनिटाला ५४० फेरे मारतो, म्हणजे सेकंदाला नऊ. पदराचं किंवा उपरण्याचं टोक सापडलं तर ओरडायला वेळ मिळत नाही. वेल्डरनं अंदाजानं तोललेला पंखा असल्या वेगाला लावायचा नसतो.

ब्लोअरबद्दल दोन शब्द जास्त, कारण आपल्याकडं सगळ्यात आवडतं अवजार तेच. ऑक्टोबरच्या फळछाटणीनंतर फवारण्यांची जी रांग लागते त्यात ब्लोअरशिवाय बाग धरणं अवघड. पंख्याची हवा पानं हलवते, त्यामुळे औषध घडाच्या आत आणि पानाच्या मागं जातं. घेताना टाकीचं माप बघण्याआधी त्याला किती एचपी लागते ते विचारा आणि भरलेल्या टाकीसह आपल्या सर्वांत चढाच्या प्लॉटमध्ये चालवून दाखवायला सांगा. डांबरी रस्त्यावरच्या ट्रायलनं काही कळत नाही.

भाड्यानं आणायच्या वस्तूही आहेत. ऑगर द्राक्षाच्या तारेचे अँगल उभे करताना एकदाच लागतो. पाचट कुट्टीच्या मशीनला मोठा ट्रॅक्टर लागतो, छोट्याच्या मागं ते जोडून दोघांचेही हाल करू नका. पल्टी नांगराचंही तेच.

राहिलं काय? कुळव, मोगडा (फणांचं अवजार), माती सपाट करायची फळी, मागचा डोझर, क्रेट न्यायचा कॅरिअर, बेड पाडायचं आणि भरणीचं अवजार. ही घरची यादी. लोखंडी नांगराचा किर्लोस्करांचा कारखाना १९१० मध्ये कुंडल रोड स्टेशनजवळच्या माळावर उभा राहिला, त्यामुळे या मुलखात फाळ-पट्टी कळणारा फिटर शोधायला लांब जावं लागत नाही.

तिसरी पायरी: लोखंड आणि वेल्डर

लोखंड किलोवर मिळतं, म्हणून वजन आधी काढता आलं पाहिजे. पट्टीची रुंदी आणि जाडी मिलिमीटरमध्ये घ्या, दोन्हींचा गुणाकार करा आणि त्याला ०.००७८५ नं गुणा, एक मीटरचं वजन किलोत निघतं. ६५ मिमी रुंद आणि १६ मिमी जाड पट्टी म्हणजे मीटरला आठ किलोच्या थोडं वर. दुकानात जाडी सुतात बोलतात. आठ सूत म्हणजे एक इंच, तेव्हा चार सुती पट्टी अर्ध्या इंचाची. हा हिशेब घरून करून गेलात की वेल्डर "चला, अंदाजे दीड क्विंटल लागंल" म्हणाला तर तुम्हाला हसता येतं.

दिंडाला, म्हणजे आडव्या तुळईला, ७५ मिमीचा चॅनेल दोन नग तोंडाला तोंड लावून चौकोनी डबा करावा. नुसता एक चॅनेल पिळवटतो. अँगल त्याहून लवकर पिळवटतो, तरी लोक स्वस्त म्हणून अँगलच वापरतात. भंगारातलं लोखंड चालतं, पण गंजाच्या पापुद्र्याखाली जाडी किती उरली आहे ते ग्राइंडर मारून बघा.

वेल्डिंगच्या बाबतीत तीन गोष्टींवर अडून बसा. आधी सगळीकडे टाके मारायचे, मग ट्रॅक्टरला जोडून गुणिया लावून बघायचं, मगच पूर्ण वेल्डिंग. उलटं केलं तर उष्णतेनं फ्रेम एका अंगाला ओढली जाते आणि अवजार आयुष्यभर तिरकं चालतं. दुसरं, मास्टच्या (टॉप लिंक जोडायच्या उभ्या खांबाच्या) आणि पिनांच्या जोडाला कोपऱ्यात त्रिकोणी पट्टी हवीच. तिसरं, अवजार ट्रॅक्टरला जोडलेलं असताना वेल्डिंग करायचं असेल तर आधी बॅटरीची वायर काढा आणि अर्थिंगचा चिमटा वेल्डिंगच्या जागेजवळ, अवजारालाच लावा. ट्रॅक्टरच्या बॉडीला चिमटा लावला तर करंट बेअरिंगमधून वाट काढतो आणि तिथं बारीक डाग पाडतो.

बोल्ट घेताना डोक्यावर ८.८ असा आकडा आहे का बघा. रोटाव्हेटरच्या शाफ्टमधला शिअर बोल्ट मात्र मुद्दाम मऊ असतो. दगड लागला की त्यानं तुटावं म्हणून तो तिथं आहे. तो सारखा तुटतोय म्हणून कडक बोल्ट घातला की पुढच्या दगडाला गिअरबॉक्स जातो.

चौथी पायरी: पहिलं अवजार, बागेतला कुळव

नवख्यानं सुरुवात यापासून करावी. सोपं आहे, स्वस्त आहे आणि पावसाळ्यात दर पंधरवड्याला लागतं. तणनाशकाच्या एक-दोन फवारण्या तरी वाचतात.

दिंड साडेतीन फुटांचा, वर सांगितलेल्या डब्याचा. त्याखाली दोन जानवळी, म्हणजे उभे पाय, ६५ बाय १६ च्या पट्टीची, प्रत्येकी दीड फूट. यापेक्षा आखूड केली तर तण आणि पाला दिंडाखाली दाटतो. फासासाठी, म्हणजे माती कापणाऱ्या आडव्या पात्यासाठी, ट्रकचा जुना कमानपाटा शोधा, सांगली-मिरज-कराडच्या कुठल्याही भंगारवाल्याकडे मिळतो. ७५ मिमी रुंद, १० मिमीच्या आसपास जाड. पाटा बाकदार असतो, तो लोहाराच्या भट्टीत लाल करून सरळ करायचा आणि राखेत सावकाश निवू द्यायचा. सावकाश निवला की मऊ पडतो, तेव्हाच भोकं पाडून घ्या आणि धार काढा. मग पुन्हा तापवून पाणी द्यायचं, पण पाण्यात नाही, जुन्या तेलात. हे स्प्रिंगचं पोलाद पाण्यात बुडवलं की तडकतं. तेलातून काढल्यावर ते काचेइतकं ठिसूळ असतं, म्हणून परत हलकं तापवून ताव उतरवायचा. घासून चकचकीत केलेल्या जागी निळसर रंग चढला की थांबायचं. जुना लोहार हे न सांगताही करतो.

फास जानवळ्यांना वेल्ड करायचा नाही. कमानपाट्याचं पोलाद वेल्डिंगच्या बाजूला तडकतं आणि फास नेमका घाईच्या दिवशी तुटतो. प्रत्येक जानवळ्याच्या तळाला छोटा अँगल वेल्ड करा आणि फास त्याला दोन-दोन बोल्टनं आवळा, बोल्टची डोकी खालच्या बाजूला खोलगट भोकात बसवून. झिजला की काढून उलटा लावता येतो, दोन्ही कडांना धार काढून ठेवली असेल तर.

फासाचा कल हीच खरी मेख. सपाट जमिनीवर अवजार टेकवल्यावर पुढची धार खाली आणि मागची कड बोटभर वर, एवढाच कल हवा. बाकीचं काम टॉप लिंक करते. ती आखूड केली की धार जमिनीत घुसते, लांब केली की फास वर सरकत चालतो. तासगावच्या बाजूच्या मुरमाड जमिनीत थोडी आखूड, कृष्णाकाठच्या काळ्या रानात थोडी लांब. दोन इंचांपेक्षा खोल जाऊ नका. बोदात, म्हणजे ओळीतल्या मातीच्या उंचवट्यात, वेलीची पांढरी मुळी वरच असते आणि तीच तुटली तर तण परवडलं म्हणायची वेळ येते. खोली धरायला दोन्ही टोकांना लोखंडी घसरण लावली की लिफ्टच्या लिव्हरशी झगडावं लागत नाही. ठिबकची नळी (लॅटरल) मात्र आधी तारेला बांधून वर घेतलेली हवी.

सगळं मिळून वजन चाळीस किलोच्या आतबाहेर राहतं. दोघांनी उचलून जोडता येतं.

पाचवी पायरी: फळी, डोझर, कॅरिअर

फळीला डोकं लागत नाही. भंगारातली गर्डर किंवा जाड चौकोनी पाईप, वर मास्ट, झालं. डोझरला मात्र पत्र्याची वक्र पाती हवी, ती जुन्या बॅरलच्या पत्र्याची नको, वाकते. सहा मिमीची प्लेट एमआयडीसीत वाकवून घ्या, कुपवाडला रोलिंग करणारे मिळतील, आणि खालच्या कडेला कमानपाट्याची पट्टी बोल्टनं लावा. शेणखत पसरायला, गोठ्यासमोरचा चिखल ओढायला, बांधावरची माती भरायला बास. त्यानं मुरूम खोदायला जाऊ नका.

कॅरिअर म्हणजे लिंकांवर बसणारा सपाट ओटा. चार फूट रुंद, अडीच फूट खोल, कडेला सहा इंचांची जाळी. हार्वेस्टिंगला द्राक्षाचे क्रेट ओळीतून पॅकिंगच्या शेडपर्यंत न्यायला यासारखं दुसरं काही नाही. बायकांचं डोक्यावरचं ओझं वाचतं आणि मण्यावरची पांढुरकी लव पुसली जात नाही. ओटा अडीच फुटांपेक्षा खोल करायचा मोह आवरा. मागच्या क्रेटमुळे पुढच्या चाकांवरचं वजन उतरतं. त्यावर माणसं बसवायची नाहीत, पोरं तर अजिबात नाहीत.

सहावी पायरी: अपवाद, एचटीपीचा फवारणी सेट

फिरणारं विकत घ्या म्हणालो, त्यातून हा एकटा सुटतो. दोनशे लिटरचा बॅरल, एचटीपी पंप (जास्त दाबाचा फवारणी पंप) आणि बेल्ट. पंप, पुल्या आणि पीटीओचा हब विकतचे, फक्त फ्रेम आपली. डाळिंबाला, भाजीपाल्याला, उसावर हातगननं मारायला हा सेट पुरतो.

सगळी मजा पुलीत आहे. पंपावरची पट्टी वाचा, समजा त्यावर ९०० फेरे लिहिलेत. पीटीओ ५४०. पीटीओकडे दहा इंची आणि पंपाकडे सहा इंची पुली घातली की ५४० गुणिले १० भागिले ६, बरोबर ९००. पण काही छोट्या ट्रॅक्टरना पीटीओची दुसरी गती असते, ७५० ची. त्या गतीला हाच सेट १२५० नं पळतो आणि पंपाचे सील, वॉशर सगळं जळतं. कुठला गिअर घालायचा ते फ्रेमवर रंगानं लिहून ठेवा, कारण ट्रॅक्टर नेहमी तुम्हीच चालवाल असं नाही.

हब सहा खाचांचा, सव्वाइंच आणि वर एक सूत. तो शाफ्टवर पिनेनं अडकवा, वेल्डिंगचा थेंबही नको. बेल्टवर जाळीचं कव्हर बसवूनच फ्रेम घरी आणा, "नंतर बसवू" म्हटलं की बसत नाही. भरलेल्या बॅरलचं पाणीच दोनशे किलो, तेव्हा बॅरल पिनांना जवळजवळ टेकलेला हवा आणि पंप खाली, मागे नाही.

सातवी पायरी: उसाची भरणी

लागणीनंतर दीड महिन्यानं बाळभरणी आणि साडेतीन-चार महिन्यांनी मोठी भरणी. छोटा ट्रॅक्टर मोठ्या भरणीला वेळेत घातला तरच जातो. ऊस ट्रॅक्टरच्या पोटाला लागायला लागला की बैलाची नाहीतर पॉवर टिलरची वाट धरा. म्हणून अवजार आधीच तयार ठेवायचं. आडसालीचं ऑक्टोबरात लागतं, त्या वेळी वेल्डरकडे रांग असते, आणि बागायतदार छाटणीत असतात.

रिजरचं, म्हणजे सरी पाडून माती दोन्हीकडे टाकणाऱ्या अवजाराचं, डोकं सुटं विकत मिळतं, ते घरी करत बसू नका, त्या पंखांचा बाक हातानं जमत नाही. आपण करायची ती फ्रेम. मधोमध रिजर, त्याच्या एक फूट पुढे दोन फण. फणांनी सरीची तळी आधी मोकळी केली की रिजरला माती उचलायला सोपं जातं आणि पंधरा-अठरा एचपीलाही झेपतं. पंखांना भोकांची पट्टी द्या म्हणजे बाळभरणीला मिटवून आणि मोठ्या भरणीला उघडून वापरता येतील. हेच पंख पूर्ण उघडून दोन रिजर शेजारी लावले आणि मागे फळी ओढली की हळदीचा, आल्याचा बेड पडतो. कोरेगावकडची मंडळी साडेचार फुटी बेडला असंच जुगाडतात.

आठवी पायरी: पहिल्यांदा जोडताना

ट्रॅक्टर मागे घेताना मध्ये कोणी उभं नको, "मी पिन लावतो" म्हणणारा सुद्धा. आधी डावी लिंक, मग लेव्हलिंगची दांडी असलेली उजवी, शेवटी टॉप लिंक. लिंच पिना (पिन निसटू नये म्हणून लावायच्या कड्या) तिन्ही जागी. लिंकांच्या बाजूच्या चेन आवळा, नाहीतर अवजार झुलत जाऊन वेलीच्या खोडाला घासतं.

रिकाम्या जागेत अवजार पूर्ण उचला आणि स्टिअरिंग फिरवून बघा. पुढचं चाक हलकं वाटलं तर पुढे वजन लावायचं. अवजार उचललेलं असताना पुढच्या एक्सलवर ट्रॅक्टरच्या वजनाचा पाचवा हिस्सा तरी राहिला पाहिजे. बरेच जण मागच्या टायरात पाणी भरतात आणि काम झालं समजतात. त्यानं चाक घसरायचं थांबतं, पुढचं तोंड उचलायचं थांबत नाही. कंपनीची वजनं महाग वाटली तर सिमेंटचा ठोकळा चालतो, पण तो बंपरला बोल्टनं आवळलेला हवा, तारेनं बांधलेला नाही.

आणि अडकलेलं काही ओढायचं झालं तर साखळी खालच्या ड्रॉबारलाच. टॉप लिंकच्या जागेला साखळी लावली की ट्रॅक्टर मागच्या चाकांवर उभा राहतो आणि चालवणाऱ्यावर पालथा पडतो. बुंधे उपटताना अशी माणसं गेलेली आहेत.

एका तासाच्या कामानंतर थांबून सगळे नट पुन्हा आवळा. वायसरखालचा नवीन रंग दबतो आणि नट ढिले पडतात. वेल्डिंगच्या जोडावर केसाएवढी रेघ दिसली तर तिथं रंग लावून झाकू नका, ग्राइंडरनं खोदून परत भरा.

अनुदानाचं

महाडीबीटी या सरकारी पोर्टलवर अवजारांच्या अनुदानाला अर्ज करता येतो, पण मान्यताप्राप्त संस्थेचा तपासणी अहवाल असलेल्या अवजारालाच ते मिळतं. घरच्या कुळवाला मिळणार नाही. तेव्हा अर्ज रोटाव्हेटर किंवा ब्लोअरसारख्या महागड्या, फिरणाऱ्या अवजारावर खर्च करा. निवड झाल्याशिवाय आणि पूर्वसंमती हातात आल्याशिवाय बिल करू नका.

घरी ट्रॉली करायचा विचार असेल तर शेतातल्या शेतात ठीक. डांबरी रस्त्यावर किंवा कारखान्याच्या गव्हाणीकडे न्यायची असेल तर ट्रेलरची आरटीओ नोंदणी लागते, त्यासाठी नोंदणी होऊ शकेल अशीच ट्रॉली कारखानदाराकडून घ्या. मागे रिफ्लेक्टर दोन्हीकडे हवेत.